गरम रस्सा-आमटी पार्सलला कसलं प्लास्टिक चालतं? (सांगली)

अन्नपूर्णा_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. दुपारी नोकरदार माणसं, रात्री कॉलेजची पोरं. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक पार्सलचं. अख्खा मसूर, आमटी, रविवारी तांबडा रस्सा, सगळं गॅसवरून उतरवलं की भरायचं. सुकी भाजी पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, पातळ पदार्थ पिशवीत घालून वर रबर.

परवा जतहून एका मुलीची आई आली होती. तिनं रश्श्याची पिशवी हातात घेतली आणि विचारलं, "ताई, एवढं गरम आहे, या पिशवीतलं काही जेवणात उतरत असेल का हो?" मला नीट सांगता आलं नाही. पोरगी माझ्याकडं रोज जेवते, त्यामुळं हा प्रश्न सोडून देणं जमेना.

गणपती पेठेतल्या ज्या दुकानातून माल आणते तो म्हणतो, "फूड ग्रेड आहे, बीपीए फ्री आहे, बिनधास्त वापरा." डब्याच्या बुडाला त्रिकोणात ५ आकडा आहे. पिशवीवर काहीच नाही. स्वस्त पडतात म्हणून काळे डबेही घ्या म्हणतोय. यातलं काय खरं धरायचं? आणि सरकारचा नियम नेमका काय आहे?

कुपवाडकर

ताई, कुपवाड एमआयडीसीत प्लास्टिकचे डबे-झाकणं काढणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली. डब्यातून अन्नात किती उतरतं हे मोजणं हेच काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लास्टिकमध्ये मूळ पदार्थाशिवाय बरंच काही मिसळलेलं असतं. रंग, मऊपणा आणणारी द्रव्यं, उष्णतेनं आणि उन्हानं माल खराब होऊ नये म्हणून घातलेली रसायनं. यातली पुष्कळशी मूळ साखळीला घट्ट बांधलेली नसतात, नुसती आत अडकून असतात. उष्णता मिळाली की सुटतात, आणि त्यातली बरीच पाण्यापेक्षा तेलात लवकर विरघळतात. तुमचा रस्सा गरम, वर तर्री, त्यात टोमॅटोचा आंबटपणा. प्लास्टिकवर यापेक्षा कडक परीक्षा आम्ही लॅबमध्येही क्वचित घेत होतो.

परीक्षा कशी असते ते सांगतो. खरं अन्न वापरत नाहीत. पाण्यासारख्या पदार्थांसाठी शुद्ध पाणी, आंबटासाठी ३ टक्के ॲसिटिक ॲसिड, तेलकटासाठी हेप्टेन. डब्याचा वापर कसा होणार त्यावरून तापमान ठरतं, म्हणजे ४० अंशाला १० दिवस किंवा ७० अंशाला २ तास, असं. मग ते द्रव आटवून मागं राहिलेला थर वजन करायचा. एफएसएसएआय, म्हणजे केंद्र सरकारची अन्न सुरक्षा संस्था, तिचे पॅकेजिंगचे नियम २०१८ चे, लागू झाले १ जुलै २०१९ पासून. त्यात मर्यादा दिली आहे: १ किलो अन्नामागे एकूण ६० मिलिग्रॅम, किंवा १ चौरस डेसिमीटर पृष्ठभागामागे १० मिलिग्रॅम. काही द्रव्यांना वेगळी, फार कडक मर्यादा आहे. डीईएचपी या थॅलेटला, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्याला, किलोमागे १.५ मिलिग्रॅम, अँटिमनी या धातूला ०.०४.

आता यातली ग्यानबाची मेख. ती ६० मिलिग्रॅमची चाचणी किती उतरलं ते सांगते, काय उतरलं ते सांगत नाही. आणि ४० अंशाला पास झालेला डबा उकळत्या रश्श्याला चालतो, असं कुठलाही प्रामाणिक लॅबवाला लिहून देणार नाही. म्हणून नुसत्या "फूड ग्रेड" या शब्दावर जाऊ नका. कशासाठी आणि किती तापमानाला, हे विचारा.

५ आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते वितळायला १६० अंशांच्या आसपास लागतात, त्यामुळं गरमला स्वस्त प्लास्टिकमध्ये त्यातल्या त्यात हेच बरं. पण त्यात बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए हे रसायन, मुळात नसतंच, तेव्हा "बीपीए फ्री" म्हणून दुकानदार वेगळं काही देत नाहीये. बीपीए असतं पॉलिकार्बोनेटमध्ये, म्हणजे कडक, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये, आणि पत्र्याच्या डबाबंद मालाच्या आतल्या लेपात.

१ आकडा म्हणजे पेट. पाण्याच्या बाटलीत गरम चहा ओतला की ती आक्रसते, कारण पेट ७०-८० अंशांनाच मऊ पडायला लागतं. ६ आकडा, पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्यातलंच. गरमाला अजिबात नको. ३ आकडा पीव्हीसी. ते मऊ करायला थॅलेट घालतात, त्याला अन्नाजवळ आणूच नका.

पिशवीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. जिच्यावर काहीच छापलेलं नाही ती कशापासून बनली हे कुणालाच ठाऊक नसतं, दुकानदारालाही नाही. रस्सा त्यात आजपासून बंद करा. काळ्या डब्याचंही तेच. भंगारातून आलेल्या मालातले सगळे रंग काळ्यात झाकून जातात, आणि परदेशात काळ्या स्वयंपाकाच्या वस्तूंत टीव्ही-कॉम्प्युटरच्या भंगारातली आग-प्रतिबंधक रसायनं सापडलेली आहेत.

तासगावकर_पाटील

सगळी हॉटेलं पिशवीतच देतात की. आमच्याकडं मार्केट यार्डात चहासुद्धा पिशवीत येतो, इतकी वर्षं पितोय. कुणाला काय झालं?

बालरोग_कराड

पाटीलसाहेब, विषबाधेसारखं संध्याकाळी काही होत नाही, म्हणूनच हे लक्षात येत नाही. बीपीए आणि काही थॅलेटं शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. बीपीए इस्ट्रोजेनच्या जागी जाऊन बसतं, काही थॅलेटं पुरुष हार्मोनच्या वाटेत येतात. शरीर ती फार साठवत नाही, एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. पण रोज नव्यानं येत राहिली तर शरीर कधीच रिकामं होत नाही. काळजी सगळ्यात जास्त गर्भाची आणि लहान मुलांची, कारण त्यांचे अवयव हार्मोनच्या इशाऱ्यावर घडत असतात.

किती मात्रेला धोका, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२३ मध्ये बीपीएची रोजची चालणारी मात्रा आधीच्या २०,००० पट खाली आणली, किलो वजनामागे ०.२ नॅनोग्रॅम. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेला ते पटलं नाही, त्यांनी २०० नॅनोग्रॅम धरलं. तरीही युरोपीय संघानं जानेवारी २०२५ पासून अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदी आणली, उद्योगांना टप्प्याटप्प्यानं मुदत देऊन. आपल्याकडं बाळाच्या दुधाच्या बाटलीतून बीपीए हद्दपार झालं ते बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, २०१५ च्या मानकानं. सिपरचे कप, टिफिन, पाण्याचे जार यांच्यासाठी तेवढीच कडक रेघ मला हवी आहे. माझ्याकडं येणारी मुलं बाटली सोडल्यावर त्यातूनच पितात.

आणि "बीपीए फ्री" म्हणून जे येतं त्यात कधी कधी बीपीएस असतं. ते बीपीएचंच भावंड, प्रयोगांत वागणंही तसंच. माझ्या ओपीडीत आयांना मी एवढंच सांगतो: दूध, पेज, वरण काचेत किंवा स्टीलमध्ये, आणि प्लास्टिकचा डबा मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही.

पोवईनाका_चहावाला

साताऱ्यातून लिहितोय. पिशवीतला चहा मी बंद केला, ऑफिसला थर्मास पाठवतो. कागदी कप चालतो असं वाटत असेल त्यांनी ऐका, त्याच्या आतूनही पॉलिथिनचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी २०२० मध्ये तपासलं. १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं कपात ठेवलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० बारीक कण उतरले. मी काचेच्या ग्लासवर आलोय. धुवायला माणूस लागतो, पण गिऱ्हाईक तुटलं नाही.

अन्नपूर्णा_विश्रामबाग

काका, डॉक्टर, सगळ्यांचे आभार. एक अडचण सांगते. रस्सा थंड करून डब्यात भरला तर चालेल का? आणि दुकानदाराकडं कागद मागायचा तर कुठला?

कुपवाडकर

थंड करत तासन् तास ठेवू नका ताई. कोमट रश्श्यात जंतू वाढतात, आणि त्यानं पोरं त्याच रात्री आजारी पडतील. प्लास्टिक वाचवताना हा धोका घेऊ नका.

कागद मागा तो एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबचा. २०१८ च्या नियमात पॅकिंगच्या मालाला तसा दाखला लागतोच. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्याला त्यावर आयएस १०९१० आणि आयएस ९८४५ हे भारतीय मानकांचे आकडे असायला हवेत. दुसरा आकडा मी वर सांगितलेल्या चाचणीचा; ती कुठल्या द्रवात केली आणि किती तापमानाला, ते बघा. दाखला नाही म्हणाला तर दुकान बदला. उद्या तपासणीला अन्न सुरक्षा अधिकारी आले तर नोंदणी तुमच्या नावावर आहे, जाब तुम्हालाच विचारतील. आणि हो, भजी वर्तमानपत्रात बांधत असाल तर तेही याच नियमात बंद आहे. शाईतली द्रव्यं तेलात उतरतात.

आणखी एक. राज्य सरकारनं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, त्यात हॉटेलच्या पार्सलचे एकदा वापरून फेकायचे डबेही धरलेले होते. पुढं त्यात बदल झाले. म्हणून दाखला असलेल्या डब्याचाही साठा करून ठेवू नका, महापालिकेत विचारून घ्या.

तुमची पोरं रोजचीच आहेत, तेव्हा रस्सा आणि मसूर स्टीलच्या डब्यात द्या. दोन डबे प्रत्येकी, अनामत घेऊन. आज भरलेला गेला की कालचा रिकामा परत.

अन्नपूर्णा_विश्रामबाग

हे जमेल. पोरांना सोमवारी सांगते. एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकाला रस्सा हवा असेल तर घरून डबा आणा म्हणून पाटी लावते. सुक्या भाजीला ५ नंबर ठेवते, पण दाखला बघूनच. डबे घेताना काही बघायचं का?

कुपवाडकर

आंबट आमटी असते, म्हणून ३०४ ग्रेडचं स्टील घ्या, २०२ ला लवकर डाग पडतात. झाकणाची रिंग सिलिकॉनची असू दे, मऊ पीव्हीसीची नको. आणि डबा काठोकाठ भरू नका, रस्सा रिंगेला लागणार नाही इतकी जागा वर सोडा.