मदत हवी आहे : आईच्या गाण्यासाठी कोणता ऑडिओ इंटरफेस घ्यावा?

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या घरी आईचे अभंगगायन मुद्रित करण्यासाठी मला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे उपकरण) घ्यायचा आहे. ती स्वतः पेटी वाजवत गाते, त्यामुळे आवाजाला एक आणि पेटीला एक असे दोन कंडेन्सर माइक (चालायला वीज लागणारे संवेदनशील माइक) लागतील, म्हणजेच ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या तारेतूनच जाणारी वीज) देणारे दोन प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) हवेतच. म्हणून फोकसराइट कंपनीचा एकाच प्रीअँपचा स्कार्लेट सोलो हा इंटरफेस बाजूला ठेवून माझा कल त्यांच्याच दोन प्रीअँपच्या स्कार्लेट टू-आय-टूकडे झुकला आहे. सध्याच्या जुन्या इंटरफेसचा गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ती पातळी) वाढवला की तिच्या हळुवार षड्जामागे बारीक 'सूं' ऐकू येते, आणि तेच मला फार खटकते. मात्र पुढे तबल्याची साथ घेतल्यास दायाँ आणि डग्ग्याला आणखी दोन माइक लागतील. तेव्हा आत्ताच चार प्रीअँपचा इंटरफेस घ्यावा का? अनुभवींनी कृपया मार्गदर्शन करावे.