मदत हवी आहे: कंपनी चौकशीचे कागद देत नाही

नमस्कार मंडळी. भावाला गैरवर्तनाचा आरोप ठेवून बडतर्फ केलं. २०२३ पासून पुण्याच्या कामगार न्यायालयात केस चालू आहे. कंपनीने चार्जशीट आणि बडतर्फीचं पत्र तेवढं दाखल केलंय. अंतर्गत चौकशीची कार्यवाही, मस्टर, गेटचं रजिस्टर काहीच नाही. आणि सगळा वाद तर त्या दिवशी तो गेटच्या आत होता की बाहेर, यावरच आहे! केस सुरू झाली तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ (नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द झाला) च्या कलम ११(३) नुसार न्यायालय कागद हजर करायला लावू शकत होतं, एवढं कळलं. पण अर्जात प्रत्येक कागदाचा वादाशी संबंध वेगळा लिहायचा का? 'रजिस्टर सापडत नाही' म्हणाले, तर तसं प्रतिज्ञापत्र मागता येतं का? वकीलसाहेब 'पुढच्या तारखेला बघू' म्हणतात. कुणाकडे अशा अर्जाचा नमुना असेल तर नाव-गाव खोडून पाठवाल का?