रॉक, ब्लूज आणि वेस्टर्न क्लासिकलच्या २३ एलपी हातात आल्यात, प्लेअर कुठला घेऊ? (बजेट १२ हजार)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. नाशिकला राहते, भाड्याची खोली, दहा बाय अकरा. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते, आता मुलाकडे कॅनडाला कायमचे चाललेत. परवा जिन्यात भेटले आणि म्हणाले, तुला गाण्याचं वेड आहे ना, मग हे ने. बिस्किटांच्या खोक्यात २३ एलपी, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्ड! प्रत्येक बंदरावर एखादी घ्यायची असा त्यांचा नेम होता म्हणे, कव्हरवर आत पेन्सिलीने बंदराचं नाव आणि साल लिहिलंय. लेड झेपलिनची पहिली, पिंक फ्लॉइडची विश यू वेअर हिअर, क्रीमची व्हील्स ऑफ फायर, बी. बी. किंगची लाइव्ह अ‍ॅट द रीगल, मडी वॉटर्सची फोक सिंगर, कार्लोस क्लायबरनं संचालन केलेली बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी, ग्लेन गूल्डनं पियानोवर वाजवलेले बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, बाकीची नावं मला अजून नीट कळलेली नाहीत. मी आजवर सगळं फोनवर ऐकत आले, एक गाणं संपायच्या आत दुसरं. आता एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकायचाय.
काका त्यांचा जुना प्लेअर पण ने म्हणतायत, १९७९ ला कोबेला घेतलेला, पंधरा वर्षं लावलेला नाही. तो घेऊ की नवा? बजेट १२ हजार, त्यात सगळं आलं पाहिजे. कॉम्प्युटरचे पॉवर्ड स्पीकर माझ्याकडे आहेत. आणि यातलं आधी काय ऐकू?

तबकडीप्रेमी
ताई, अभिनंदन, नशीब काढलंत. माझ्याकडे आजघडीला अकराशेच्या वर रेकॉर्ड्स आहेत, सगळ्या उभ्या ठेवलेल्या, सगळ्यांची वहीत नोंद, त्यामुळे अनुभवाने सांगतो, १२ हजारात प्लेअर येईल पण आवाज येणार नाही. ६०-७० हजारांची तयारी ठेवा. प्लेअरला ३५, अ‍ॅम्पला २०, उरलेल्यात जुने मोठे स्पीकर. एकदाच खर्च होतो, मग वीस वर्षं बघावं लागत नाही. मुंबईत काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउस, रेकॉर्डचं दुकान, २०१६ ला बंद झालं तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी अर्धी सुट्टी टाकून गेलो होतो, ती माणसं तुम्हाला हेच सांगायची. जुना प्लेअर अजिबात नको, पंधरा वर्षं पडून असलेल्या टोनआर्मचा (सुई धरणाऱ्या हाताचा) भरवसा नाही.

अनु_३३
सूटकेससारखे दिसणारे जे रंगीत प्लेअर ऑनलाइन मिळतात ते कृपा करून घेऊ नका. मी घेतला होता, दिसायला फार गोड, पाच हजार वाचले असं वाटलं. त्याची सुई रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमने दाबते, चांगल्या प्लेअरवर दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. माझी डार्क साइड ऑफ द मून वर्षभरात कामातून गेली, आता कुठल्याही प्लेअरवर लावा, प्रत्येक ‘स’ला फुसकारा येतो. खाच झिजली की झिजली, ती परत येत नाही. मग ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स घेतला, बेल्ट ड्राइव्ह (ताट पट्ट्यानं फिरतं), बटण दाबलं की हात आपोआप जातो येतो, सुईचा बारीक आवाज वाढवणारा प्रीअ‍ॅम्प आतच आहे, सुई बदलता येते. तुमच्या बजेटच्या थोडा वर जाईल पण तोच घ्या. काकांचा नको.

ठाकुर्लीकर
प्लेअर राहू द्या, आधी बुरशी बघा. चार पावसाळे खोक्यात गेले असतील तर कव्हरच्या आतल्या कागदाला पांढरी लव धरलेली असते, हात लावून बघा, आणि सगळ्या रेकॉर्ड बाहेर काढून उन्हात नाही, सावलीत, उभ्या करा. आडव्या एकावर एक कधीच नाही, वाकतात. आतले कागद सगळे फेकून नवे घाला. धुवायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेनं गोल पुसायचं, मधला लेबलचा कागद भिजू द्यायचा नाही.
पण खोक्यात ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) जुनी जड तबकडी असेल तर तिला अल्कोहोल चुकूनही नको!! ती लाखेची असते, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आजोबांची एक नाट्यसंगीताची तबकडी मी स्वतःच्या हातानं अशी घालवलीय. पुसता पुसता कापड काळं झालं, मला वाटलं मळ निघतोय. तो मळ नव्हता, गाणंच निघत होतं. अकरा वर्षं झाली, ते कापड अजून डोळ्यासमोर आहे.

तबकडीप्रेमी
मी मशीनने धुतो. हाताने धुण्यात अर्थ नाही. मशीन ४० पर्यंत येतं.

न्यूजर्सीकर
जुन्या प्लेअरबद्दल एक महत्त्वाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी इथून पुण्याला बाबांसाठी प्लेअर नेला होता. ११० व्होल्टचा, म्हणून चांगला जाड ट्रान्सफॉर्मर बरोबर घेतला, सगळं जोडलं, रेकॉर्ड लावली, आणि बाई गातायत की बुवा तेच कळेना. बाबा पेटी घेऊन बसले आणि म्हणाले काळी चारचं पांढरी चारला आलंय. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ (वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते ते) बदलत नाहीत! अमेरिकेत ६०, आपल्याकडे ५०. एसी मोटर त्या हर्ट्झवरच फिरते, त्यामुळे ३३⅓ च्या जागी साधारण २८ फेरे होतात आणि सूर जवळपास तीन पट्ट्या खाली. पुली बदलावी लागते, ती मिळायला मला आठ महिने लागले. जपानमध्ये अर्ध्या देशात ५० आणि अर्ध्यात ६० हर्ट्झ आहेत, व्होल्टेज सगळीकडे १००. कोबे ६० च्या बाजूला येतं. मागची पट्टी वाचून बघा काय लिहिलंय. मी तुमच्या जागी असतो तर हा व्याप घेतला नसता, नवाच घ्या.

अनु_३३
+१ नवाच.

षड्जपंचम
मी थोडं वेगळं सांगतो, राग नसावा. रॉक आणि ब्लूज एलपीवर ऐका, क्लासिकलसाठी मात्र साधा सेकंडहँड सीडी प्लेअर घ्या, दोन-अडीच हजारात होतो आणि सीडी तर लोक किलोवर काढतायत. कारण असं की सिम्फनीत फार हळू वाजणाऱ्या जागा असतात, तिथं खरखर आधी ऐकू येते आणि संगीत नंतर. दुसरं, रेकॉर्डचे फेरे तेवढेच राहतात पण खाच आत आत जाते तसा घेर कमी होतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटीमीटर खाच जाते, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे आवाज लिहायला जागा कमी, आवाज फाटायला लागतो. रॉकच्या रेकॉर्डवर शेवटी संथ गाणं टाकून भागवता येतं. बीथोव्हेनला काय सांगणार, सगळा कल्लोळ शेवटीच असतो. बाखच्या गोल्डबर्गमध्ये मात्र ही अडचण नाही, शेवटी पहिलीच आरिया शांतपणे परत येते. गूल्डने ते दोनदा रेकॉर्ड केलं, १९५५ आणि १९८१. पहिलं जवळजवळ ३८ मिनिटांत संपतं, दुसरं ५१ मिनिटं. तुमचं कुठलं ते बघा, दोन वेगळी माणसं वाजवतायत असं वाटेल.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. बुरशी आहे, सात रेकॉर्डना, काल रात्री बसून बघितलं. ७८ची एकही नाही. फक्त परत एकदा, बजेट १२ हजार आहे, एकूण. ५१ मिनिटंवालं गोल्डबर्ग आहे, मागे लिहिलंय. आधी काय ऐकू ते कुणीच सांगितलं नाही :)

बारा_मात्रा
मी सांगतो. बी. बी. किंग लावा. २१ नोव्हेंबर १९६४, शिकागोचं रीगल थिएटर, समोर त्याचीच माणसं बसलेली, त्यांच्या ओरडण्यानं अर्धा अल्बम भरलाय आणि तो अर्धाही तेवढाच मोलाचा आहे. एक गोष्ट कान देऊन ऐका, तो गातो तेव्हा गिटार गप्प, गाणं थांबलं की गिटार बोलते. आपल्याकडे गायकानं ओळ सोडली की पेटी ती उचलते ना, तसं, फक्त इथं गायक आणि पेटीवाला एकच.
ब्लूजचा साचा कळला की निम्मी मजा हातात येते. ट्वेल्व्ह बार म्हणतात म्हणून आपल्या लोकांना एकताल वाटतो, तसं नाही, एकेका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. पहिले चार बार षड्जाच्या घरात, दोन मध्यमाच्या, परत दोन षड्जाच्या, मग एक पंचम, एक मध्यम आणि शेवटचे दोन घरी परत. शब्दही तसेच, पहिली ओळ दोनदा आणि तिसरी तिला उत्तर. आणि गंधार ना धड कोमल ना धड शुद्ध, मधेच कुठेतरी, आंदोलित. आपल्या कानाला तो परका वाटतच नाही. मी बडी गाय या ब्लूज गिटारवादकाला २०११ ला मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवात ऐकलंय, त्याचा तो गंधार अजून कानात आहे. तुमच्या मडी वॉटर्सच्या फोक सिंगरवर दुसरी गिटार त्याचीच, १९६४ ची रेकॉर्ड, सगळं अकूस्टिक, खोलीत समोर बसून गातायत इतकं जवळचं.
आणि मग लेड झेपलिनची पहिली लावा, म्हणजे कुणाचं घर कुणी सजवलं ते कळेल. त्यातली दोन गाणी विली डिक्सन या ब्लूज गीतकाराची आहेत.

विटांची_भिंत
परत सुरू झालं, लेड झेपलिननं ब्लूज चोरलं म्हणे. पहिल्या अल्बमवर डिक्सनचं नाव छापलेलं आहे, चोरी कसली? जुनी बंदिश नव्या गायकानं गायली की आपण चोरी म्हणतो का?

बारा_मात्रा
चोरी मी म्हटलं नाही. पण विषय काढलाच आहे तर दुसऱ्या अल्बमवर होल लॉटा लव्हला डिक्सनचं नाव नव्हतं, १९८५ ला त्यानं दावा लावला, नंतर तडजोड झाली आणि मग नाव आलं. बंदिश गाताना आपण घराणं सांगतो, हा फरक आहे.

विटांची_भिंत
आणि याच लेड झेपलिनच्या दोघांनी, पेज आणि प्लांटनं, १९७२ ला मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग केलं तेही सांगा की. २०१५ ला त्यांच्या कोडा अल्बमच्या नव्या आवृत्तीत आलंय. असो. ताई, विश यू वेअर हिअरपासून सुरुवात करा, दिवे घालवून. पहिल्या गाण्यात गायक तोंड उघडायला आठ मिनिटं घेतो, फोनवर ऐकणारी माणसं तिथंच पळून जातात. तुम्हाला बसून ऐकायचंय ना, मग परीक्षा तिथंच.

तबकडीप्रेमी
माझ्याकडे त्याचं पहिलं ब्रिटिश प्रेसिंग (पहिल्या छपाईची प्रत) आहे, काळ्या वेष्टनासकट.

फोनो_नाशिक
ताई, मी नाशिकरोडला रेडिओ-टेप दुरुस्तीच करतो, इथं फारसं लिहीत नाही. एक सांगून ठेवतो, जुन्या प्लेअरची वायर थेट स्पीकरला लावू नका, आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येईल आणि तुम्हाला वाटेल प्लेअर गेला. रेकॉर्ड कापताना खर्ज कमी करून आणि वरचे सूर वाढवून कापतात, नाहीतर खाच मावत नाही. फोनो प्रीअ‍ॅम्प ते उलटं करून परत जागेवर आणतो. साधा दीड-दोन हजारात येतो. आणि प्लेअर डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट ताटाला) आहे का बेल्टचा ते बघा. ताटाच्या कडेला ठिपके असतील आणि शेजारी छोटा दिवा असेल तर बहुतेक डायरेक्ट ड्राइव्ह. तसा असेल तर फेकायची घाई करू नका.

ठाकुर्लीकर
आतले कागद बदलले का?

अनु_३३
मी अजूनही नवाच म्हणते. वॉरंटी असते.

गोदाकाठची
उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले. काकांचाच घेतला. रागावू नका, सगळ्यांचं वाचलं होतं.
मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं दोन्ही लिहिलेलं निघालं आणि कडेला ठिपके होते. काकांनी स्वतः झाकण उघडलं, वाळून खळ झालेलं वंगण टूथपिकनं काढलं, इयरबडला थोडं शिलाई मशीनचं तेल घेऊन मधल्या दांड्याला लावलं, टोनआर्मची बेअरिंगं हलवून बघितली. मग मला म्हणाले दिव्याकडे बघ. ताट फिरायला लागलं तेव्हा ठिपके मागे मागे सरकत होते, त्यांनी छोटा खटका अगदी केसभर फिरवला आणि ठिपके उभे राहिले. ताट फिरतंय आणि ठिपके जागच्या जागी. इंजिनरूममध्येही असंच बघायचो म्हणाले.
खर्च: ट्रान्सफॉर्मर १,३००, नवी सुई २,४००, प्रीअ‍ॅम्प १,८००, आतले कागद आणि धुण्याचं सामान ७५०. ठाकुर्लीकरकाका, सातही धुतल्या, पाच वाचल्या.
आधी काय ऐकायचं ते काकांनाच ठरवायला सांगितलं. त्यांनी क्लायबरची पाचवी काढली, कव्हरच्या आत हँबुर्ग १९७७ लिहिलंय. षड्जपंचम, तुम्ही म्हणालात ते खरं आहे, तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळा वाद्यवृंद दबकत जातो आणि फक्त नगारा अगदी हळू ठोके देत राहतो, तिथं खरखर स्पष्ट ऐकू आली. काका पुढे वाकून बसले होते, मी पण वाकले, ठोका कुठला आणि खरखर कुठली ते वेगळं काढायला. आणि न थांबता एकदम चौथा भाग अंगावर आला तेव्हा दोघंही दचकलो. काका तिथं ४० वर्षांपूर्वी पण दचकायचे म्हणे. सीडी प्लेअर नंतर घेईन कदाचित, आत्ता नाही.
ते १८ तारखेला निघतायत. तोवर रोज संध्याकाळी एक बाजू, असं ठरलंय. आज व्हील्स ऑफ फायरची तिसरी बाजू आहे, ती क्रॉसरोड्सवाली. बारा_मात्रा, रॉबर्ट जॉन्सनचं मूळ गाणं १९३६ चं असं काका म्हणाले, ते कुठल्या एलपीवर मिळेल?

बारा_मात्रा
किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स, कोलंबिया, १९६१. ती आली तेव्हा जॉन्सनला जाऊन २३ वर्षं झाली होती. नवी प्रत सहज मिळते, जुनीच्या मागे लागू नका. काकांसमोर लावता आली तर बघा.

तबकडीप्रेमी
माझ्याकडे दोन प्रती आहेत. पत्ता व्यक्तिगत संदेशात टाका, उद्याच कुरिअर करतो, १८ च्या आत पोचेल. पैसे नकोत.