मदत हवी आहे: गाडी पीयूसीला पास होत नाहीये, विमाही संपतोय

दहिसरची_चिमणी
गाडी पीयूसीला फेल झाली. दुसऱ्या सेंटरला नेली, तिथेही तेच. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, जुनी झाली गाडी, काढून टाका." गाडी मस्त चालते, बाबा रोज वापरतात, धूर अजिबात दिसत नाही. सर्व्हिसिंगही झालंय. आधीचं सर्टिफिकेट संपलं, विमा याच आठवड्यात संपतोय आणि गणपतीला गावी जायचंय. नक्की काय बदलून घेतलं की पास होईल? तेवढंच सांगा. "नवी घ्या" कृपया नको, ते घरात रोज ऐकतेय.

खडूस_काका
कुठली गाडी? कोणत्या सालची? पेट्रोल की डिझेल? रीडिंग किती आलं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" सांगून बाहेर येता का?

माटुंगा_स्लो
इंजिन ऑइल बदला. माझी एस्टीम दर वेळी ऑइल बदललं की बिनबोभाट पास व्हायची.

खडूस_काका
सर्व्हिसिंग झालंय असं लिहिलंय त्यांनी. वाचत जा हो.

माटुंगा_स्लो
सर्व्हिसिंगमध्ये ऑइल खरंच बदलतात असं वाटतं तुम्हाला? भोळे आहात.

भिडू_बोरिवली
पेट्रोलमध्ये ओतायची एक बाटली मिळते. टाकी अर्धी असताना ओता, हायवेला घोडबंदरपर्यंत एक चक्कर मारा, तिथून थेट सेंटरला. शंभर टक्के पास. मी दर वेळी हेच करतो.

चौथी_सीट
पंधरा वर्षं झाली असतील तर चालवायलाच बंदी आहे ना आता? पेट्रोलही देत नाहीत म्हणे.

नट_बोल्ट
ते दिल्ली-एनसीआरचं. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून आरसीचं नूतनीकरण करायचं आणि ग्रीन टॅक्स भरायचा. भलतीकडे नेऊ नका, त्या आधीच वैतागल्यात.

दहिसरची_चिमणी
सँट्रो झिंग, २००७. पेट्रोल. आरसी रिन्यू केलेली आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. कागदावर सीओ १.८४ आणि एचसी ९३० असं आहे. म्हणजे काय हे दोन्ही सेंटरवाल्यांनी सांगितलं नाही. १२५ रुपये मात्र घेतले.

नट_बोल्ट
आता बोलता येईल. २००७ची मुंबई पासिंग म्हणजे भारत स्टेज ३, म्हणजे त्या काळचे धुराचे नियम. (मुंबईत स्टेज ३ लागू झालं २००५ला, स्टेज ४ एप्रिल २०१०ला.) तुमच्या गाडीला आयडलिंगवर (रेस न देता, उभी गाडी) सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम ही मर्यादा. तुमचे दोन्ही वर आहेत, पण सीओ तिपटीहून जास्त आहे, तिथे बघायचं. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तो वर म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय आणि त्या मानाने हवा कमी. एचसी म्हणजे न जळता बाहेर पडणारं पेट्रोल. त्यातलं काही प्लग किंवा वायर कमजोर असल्यानेही जातं.
धूर दिसत नाही हे विसरा. सीओ डोळ्याला दिसत नाही.
आता मला सांगा: सेंटरला नेली तेव्हा इंजिन पूर्ण गरम होतं का? सायलेन्सरच्या तोंडातून पाणी टपकत होतं का? चेक इंजिनचा दिवा लागतो का? आणि गाडीला सीएनजी आहे का?

कायदेपंडित
अर्धवट माहिती देऊ नका. लॅम्डासुद्धा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बघतात. २५०० आरपीएमच्या आसपास रेस धरून सीओ ०.२ आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११५ काढून वाचा.

नट_बोल्ट
ते स्टेज ४ आणि त्यापुढच्या गाड्यांना, तुम्हीच नियम ११५ पुन्हा वाचा. २००७च्या गाडीला नुसतं आयडलिंग.

कायदेपंडित
मी सर्वसाधारण सांगत होतो.

ई२०_ग्रस्त
सगळा दोष पंपावरच्या पेट्रोलचा आहे. इथेनॉल घालायला लागल्यापासून जुन्या गाड्यांची वाट लागली. माझी वॅगन आर ॲव्हरेज देईना, सकाळी उठेना. यावर कुणी बोलत नाही.

नट_बोल्ट
ॲव्हरेजचं खरं आहे, जुन्या रबरी पायपांचीही काळजी घ्यावी. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याने सीओ वाढत नाही, झालाच तर कमी होईल. त्यांची अडचण उलटी आहे.

ई२०_ग्रस्त
तुम्ही तेल कंपनीत आहात का?

वडाळा_डेपो
ताई, एवढं डोकं कशाला शिणवता? आमच्याकडे एक जण आहे, वर थोडे सरकवले की पास. गाडी फक्त दारात उभी करायची.

खडूस_काका
आणि चौपाटीला जाऊन "हवा किती खराब झालीये" म्हणायचं. असले सल्ले इथे नकोत.

दहिसरची_चिमणी
पैसे देऊन करायचं असतं तर धागा काढला नसता. @नट_बोल्ट, सेंटर आमच्या सोसायटीच्या गेटसमोरच आहे, त्यामुळे गरम वगैरे झाली नसेल. पाणी टपकत होतं, पण पाऊस चालू होता. दिवा लागत नाही. सीएनजी आहे, बाबा कायम त्यावरच चालवतात. पण टेस्ट पेट्रोलवर केली, म्हणून लिहिलं नव्हतं.

खडूस_काका
हे आत्ता सांगताय होय!

नट_बोल्ट
अर्धं चित्र बदललं की हो. पाणी पावसाचं नाही, थंड सायलेन्सरमध्ये वाफेचं पाणी होतं ते. इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) तापले नाहीत तर धड गाडीही फेल होईल. पहिलं काम, दहिसरहून मीरा रोडपर्यंत पेट्रोलवर जाऊन या आणि इंजिन बंद न करता थेट टेस्टला लावा.
दुसरं, कायम गॅसवर चालणाऱ्या गाडीत इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गॅसवरच्या सवयीने पेट्रोलचं प्रमाण ठरवत बसतो. किटचं ट्यूनिंग बिघडलेलं असेल तर ती चूक पेट्रोलवरही येते. शिवाय टाकीत ते पेट्रोल किती महिने पडून आहे, देव जाणे. थोडं ताजं भरा.

कायदेपंडित
सीएनजीवर टेस्ट केली तर एचसीच्या ०.३ पटच धरतात, कारण त्यातला मिथेन वगळायचा असतो. हे तरी बरोबर आहे ना?

नट_बोल्ट
बरोबर आहे.

सिलिंडर_सोबती
सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) झालीये का? दर तीन वर्षांनी लागते. आणि किट आरसीवर चढवलंय का? नसेल तर पीयूसी राहू द्या, पंपावर गॅस भरतानाच अडचण येईल. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं, नुसती धावपळ झाली, त्याची गोष्ट मोठी आहे, नंतर लिहितो.

दहिसरची_चिमणी
दोन्ही झालंय. गोष्ट नको.

प्रीमियमभरू
पीयूसी नसेल तर विमा कंपनी क्लेम देत नाही. तुम्ही विमा काढूच नका आधी, फुकट जाईल.

कायदेपंडित
हे साफ चूक. पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे विमा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२० मध्येच स्पष्ट केलंय. विमा आणि पीयूसीची सांगड सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या आदेशातली, ती अटही २०२४ मध्ये न्यायालयाने काढली. विमा खंडित होऊ देऊ नका, आजच भरा. पीयूसी नसल्याचा दंड वेगळा, तो रस्त्यावर पकडलं तर.

प्रीमियमभरू
माझ्या एजंटने सांगितलं होतं.

खडूस_काका
एजंट काय, पाऊस पडणार नाही असंही सांगेल.

भिडू_बोरिवली
बाटली टाकली का?

दहिसरची_चिमणी
विमा भरला, धन्यवाद. गाडी गरम करून, ताजं पेट्रोल टाकून नेली. एचसी ५२० वर आलं, सीओ १.२. अजून फेल. गॅसवर आधी लावली होती, त्यात सीओ ठीक होता, पण आरसीवर दोन्ही इंधनं आहेत म्हणून सेंटरवाला पेट्रोलवरही हवं म्हणतोय. मेकॅनिकने प्लग काढले, काळे कुळकुळीत, कोरडी काजळी बोटाला लागत होती. स्कॅनर लावून म्हणाला ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा घाला. मग आता सेन्सर घालू ना?

माटुंगा_स्लो
काजळी म्हणजे ऑइल जळतंय. पिस्टन रिंग. इंजिन उतरवावं लागेल.

नट_बोल्ट
ऑइल जळत असतं तर प्लग ओलसर, तेलकट असते. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. उगाच घाबरवू नका.
सेन्सर घेण्याआधी विचारा, स्कॅनरवर व्होल्टेज किती दिसतोय? हलतोय की एका जागी बसलाय?

दहिसरची_चिमणी
०.१ च्या आसपास. हलत नाही म्हणाला.

नट_बोल्ट
हा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन बघतो. ०.१ म्हणजे तो सांगतोय की हवा जास्त आहे. इसीयू बिचारा त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत जातो. सेन्सर खोटं बोलत असेल, हे शक्य आहे. पण सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) पॅकिंग फुटली असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खरंच हवा बघतो. मग नवा सेन्सरही तेच दाखवेल. पॅकिंग सेन्सरपेक्षा कितीतरी स्वस्त.
बघायची पद्धत: सकाळी थंड गाडी चालू करा, कुणाला तरी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दोन सेकंद दाबून धरायला सांगा, आणि बॉनेट उघडून कान द्या. फुस्स किंवा चक-चक आवाज आला की तिथेच गळतंय. हात लावू नका, मॅनिफोल्ड पटकन तापतो.

ई२०_ग्रस्त
मॅनिफोल्डची पॅकिंगसुद्धा इथेनॉलनेच खाल्ली असणार.

नट_बोल्ट
ती पॅकिंग एक्झॉस्टच्या बाजूला आहे. तिथे इथेनॉल जळून गेलेलं असतं.

दहिसरची_चिमणी
चक-चक आवाज येतो. फडकं न लावताही येतो, गाडी गरम झाली की बंद होतो. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तो होय, तो गेल्या पावसाळ्यापासून येतोय." कुणाला सांगावंसं वाटलं नाही त्यांना.

नट_बोल्ट
गरम झाल्यावर लोखंड प्रसरण पावून फट दाबली जाते म्हणून आवाज थांबतो, गळती पूर्ण थांबतेच असं नाही. पॅकिंग बदला, तुटलेला स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा बोल्ट) असेल तर तोही. प्लग पुसून लावा. मग गॅस बंद ठेवून एक-दोन दिवस पेट्रोलवर चालवा, इसीयूला नव्याने हिशेब करू दे.

चौथी_सीट
एवढ्या खटपटीपेक्षा इलेक्ट्रिक घ्या, पीयूसीच लागत नाही.

खडूस_काका
घ्या! पहिल्याच पोस्टमधलं शेवटचं वाक्य.

दहिसरची_चिमणी
झाली पास. एक स्टड तुटलेलाच होता, पॅकिंगला एका कोपऱ्यात काळी चीर. सेन्सर जुनाच ठेवला. सीओ ०.३१, एचसी २१०. मेकॅनिक आधी ऐकेना, "मॅडम, सेन्सरच आहे" म्हणत होता. बाबा समोर उभे राहिले तेव्हा त्याने पॅकिंग काढली. सर्टिफिकेट सहाच महिन्यांचं दिलंय, बरोबर आहे का? शेजारच्यांना वर्षाचं मिळतं.

कायदेपंडित
शेजाऱ्यांची स्टेज ४ किंवा ६ असेल. तुमच्या गाडीला सहाच महिने.

नट_बोल्ट
नवी पॅकिंग गरम-थंड होऊन बसते आणि नट सैल पडतात. गावी निघण्याआधी थंड इंजिनवर एकदा आवळून घ्या.

सिलिंडर_सोबती
गणपतीच्या टोलमाफीच्या पासाला आरसीची झेरॉक्स लागते का कुणाला माहितीये? आम्हीही निघतोय.