ड्रेडलॉक्स आहेत आणि कोंडा थांबत नाही. कापायचे नाहीत, धुवायचे कसे?

बावन्नजटा
१२ एप्रिल, रात्री ११.४०

नमस्कार. नागपूरहून लिहितेय, मानेवाड्याला राहते, वय २७. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ड्रेडलॉक्स, म्हणजे मुद्दाम गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा, करून घेतले. बावन्न लॉक्स, क्रोशाच्या सुईने विणलेले, त्यासाठी दोन दिवस एका जागी बसले होते. खांद्याखाली चार बोटं येतात. मला ते मनापासून आवडतात. हे आधीच सांगते, कारण घरीदारी सगळ्यांकडे एकच उपाय आहे, 'कापून टाक'.

दिवाळीनंतर डोक्यात खाज सुरू झाली. वाटलं थंडीने टाळू कोरडी पडली असेल. आजीने खोबरेल तेल कोमट करून दिलं, ते रोज रात्री लॉक्सच्या मुळांमधून बोटाने लावलं. आठ दिवस बरं वाटलं, मग दुपटीने खाज. आता ज्या खपल्या पडून राहिल्या आहेत त्या पिठासारख्या नाहीत. पिवळट, मेणचट, खाजवलं की नखात अडकतात. कानामागे आणि भुवयांतही लाल होऊन पापुद्रे निघतात. स्कूटीने हिंगणा एमआयडीसीत जाते, जाऊन-येऊन दीड तास डोक्यावर हेल्मेट. ऑफिसला पोचून ते काढलं की आत पांढरा सडा. काळी कुर्ती घालणं सोडलंय.

ज्याने लॉक्स केले त्याने सांगितलं होतं, तीन महिने धुवायचे नाहीत, वॅक्स लावत राहायचं. मी उघडतील या भीतीने पाच महिने धुतले नाहीत. नंतरही महिन्यातून एकदाच. मध्यंतरी दही-लिंबू लावून पाहिलं. तीन दिवस आंबट वास जाईना, शेवटी लॉक्सच्या आतून दह्याचे कण सुईने काढत बसले. खायच्या सोड्याने धुतलं तर जळजळ झाली. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी ओतलं की एक दिवस बरं, दुसऱ्या दिवशी तेच. आणि सध्या आमच्याकडे बोअरचं पाणी, साबणाला धड फेससुद्धा येत नाही.

अजून एक गोष्ट आहे, ती इथे लिहावी का याचा विचार करत होते. आजीचं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. तिच्या थोरल्या बहिणीला जट होती, मरेपर्यंत. मी लॉक्स केले तेव्हापासून आजी माझ्या डोक्याकडे बघून बोलत नाही. परवा मी खाजवत होते तर म्हणाली, "आक्काचं पण असंच खाजायचं गं. पण तिला धुवायची सोय नव्हती." त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझे प्रश्न: आठवड्यातून किती वेळा धुवू? औषधी शॅम्पू लॉक्समध्ये अडकून राहतो का? नेहमी धुतल्याने लॉक्स उघडतील का? आणि आतून वाळले हे कसं कळतं?


कंगवा_कात्री
१३ एप्रिल, सकाळी ७.१५

बेटा, धरमपेठेत चौदा वर्षं केसांचं काम करून राहिली आहे, लॉक्सवाली सात-आठ मुलंमुली नेहमी येतात. उघडतील ही भीती आधी मनातून काढ. केस सुटतात ते तेलकट आणि मऊ केल्याने, एकावरून एक घसरतात म्हणून. स्वच्छ, जरा खरखरीत केस एकमेकांत चांगले गुंततात. नवीन लॉक्सना पहिले काही आठवडे जपावं लागतं, तुझ्या चौदा महिन्यांच्या लॉक्सना काही होत नाही.

आता मी कसं धुते ते सांगते. केसांना रंग लावायची टोकदार नळीची बाटली येते ना, ती घे. सौंदर्यप्रसाधनांच्या कोणत्याही दुकानात मिळते, सीताबर्डीला तर ढिगाने. त्यात एक भाग साधा, पारदर्शक शॅम्पू आणि चार भाग पाणी. मलईसारखा दाट, केस मऊ करणारा शॅम्पू नको आणि कंडिशनर तर बिलकुल नको, तो आत बसला की निघत नाही. आधी डोकं पूर्ण भिजव. लॉक्सना पाणी प्यायला वेळ लागतो, दोन-तीन मिनिटं सतत पाणी पडू दे. मग बाटलीची नळी दोन लॉक्सच्या मधल्या भांगात धरायची आणि कपाळापासून मानेपर्यंत ओळीने सोडत जायचं. बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखांनी नाही. आणि गोल-गोल चोळू नको, शेजारचे दोन लॉक्स मुळाशी एकमेकांत अडकतात. जागच्या जागी, पुढे-मागे. लॉक्सना वेगळा शॅम्पू लावायची गरज नाही, डोक्यावरचा फेस खाली उतरतो तेवढा पुरे. तो वरून खाली दाबत न्यायचा, धुणं पिळतो तसं पिळायचं नाही.

धुवायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ फेस काढायला दे. दाबल्यावर निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. बोअरच्या पाण्यात चुना जास्त, त्यात अंगाचा साबण वापरला तर साका धरतो आणि लॉक्सच्या पोटात राखाडी थर बसतो, म्हणून साबणाची वडी डोक्याला लावू नको. शेवटचे दोन तांबे फिल्टरचं पाणी घे. महिन्यातून एकदा एक लिटर पाण्यात दोन चमचे सफरचंदाचा व्हिनेगर टाकून ओतलं तर तो थर सुटतो. पण आत्ता नाही, कातडी लाल आहे तोवर झोंबेल.

तुझं वॅक्स आत आहेच. एक लॉक बोटांत दाबून बघ, चिकट लागतो आणि कापसासारखे धागे दिसतात का? ते कोंडा नव्हे, वॅक्सला चिकटलेली धूळ आणि रुई. सोसवेल तेवढ्या गरम पाण्याने चार-सहा वेळा धुतल्यावर हळूहळू निघेल. एका दिवसात काढायच्या मागे लागू नको.

वाळवणं हे धुण्यापेक्षा मोठं काम आहे. दोन-तीन जुने सुती पंचे घे, एकेक लॉक पंच्यात धरून दाब. सकाळी सातच्या आत धू आणि नऊपर्यंत गच्चीवर बस. आपल्या नागपूरचं एप्रिलचं ऊन कोरडं आहे, याचा फायदा घे. आणि एक चूक इथे सगळेच करतात, ओलं डोकं घेऊन कूलरसमोर बसतात. कूलरची हवा ओली असते! वरचे केस गार होतात, आतला गाभा भिजलेलाच राहतो आणि मग ओल्या फडक्यासारखा कुबट वास येतो. बसायचंच असेल तर पंप बंद करून नुसत्या पंख्यासमोर बस. वाळले का हे पाहायला सगळ्यात जाड लॉक मधोमध दाबून गालाला लाव. गार लागला तर आत ओल आहे. तसं हेल्मेट घालू नको, तसं झोपू नको.


त्वचेचा_विद्यार्थी
१३ एप्रिल, रात्री १०.०५

त्वचारोगाच्या पदव्युत्तर शिक्षणाचं दुसरं वर्ष चालू आहे, रोज ओपीडीत कोंडा पाहतो. वर काकूंनी धुण्याबद्दल जे लिहिलंय त्यात मला भर घालण्यासारखं काही नाही. मी फक्त खपल्यांबद्दल लिहितो.

पिवळट मेणचट खपल्या, कानामागे आणि भुवयांत लाली, तेलाने वाढणं, हे सगळं एकत्र पाहता सेबोऱ्हिक डर्माटायटिस वाटतो. म्हणजे कोंड्याचाच तीव्र प्रकार. आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे सूक्ष्म बुरशी, असतं. ते त्वचेच्या तेलावर जगतं. तेल फोडून ते ओलिइक आम्लासारखी मेदाम्लं सोडतं, काहींच्या त्वचेला ती सहन होत नाहीत, मग दाह होतो आणि कातडीच्या पेशी घाईघाईने सुटायला लागतात. बाहेरून लावलेलं खोबरेलही त्याला चालतं. म्हणजे आजींनी प्रेमाने दिलेलं तेल तुमच्याऐवजी त्याच्या पोटात गेलं. हा अस्वच्छतेचा रोग नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे घरी नक्की सांगा.

कोरड्या टाळूच्या खपल्या बारीक, पांढऱ्या, भुरभुरीत असतात आणि लाली फार नसते. तुमच्या तशा नाहीत.

उपाय म्हणजे कीटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचा २ टक्के शॅम्पू. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. बहुतेक लोक तो लावतात आणि लगेच धुतात, त्याने उपयोग होत नाही. घड्याळ लावून पाच मिनिटं टाळूवर राहू द्या. औषध कातडीला पोचायला हवं, लॉक्सना नाही, म्हणून नळीची बाटली तुमच्यासाठी फारच योग्य. आधी साध्या शॅम्पूने वरचं तेल काढा, मग औषधी. तो मात्र फार पातळ करू नका, निम्म्यास निम्मं पाणी पुरे, आणि नळी कातडीला टेकवून सोडा. तोच फेस हलक्या हाताने कानामागे आणि भुवयांवर, डोळे सांभाळून. आराम पडल्यावर बंद करू नका, आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवा. हे यीस्ट आपल्यासोबत कायम राहणार आहे, त्याला आवरून ठेवणं एवढंच हातात आहे.

कळकळीने सांगतो, औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणू नका. त्यातल्या अनेकांत स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. खाज चार दिवसांत थांबते आणि महिन्याभरात दुखणं रूप बदलून परत येतं. अशा बिघडलेल्या त्वचा आम्ही रोज पाहतो.

चार आठवड्यांत फरक पडला नाही, खपल्या जाड आणि चांदीसारख्या होऊन केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आल्या, कोपर-गुडघ्यांवरही दिसल्या, तर तो सोरायसिस असू शकतो. केस तुटून गोल टक्कल पडलं, पू आला, मानेत गाठी आल्या तर लगेच दाखवा. आणि लॉक्स मुळाशी फार घट्ट पिळून घेऊ नका. कानशिलाजवळची रेषा मागे सरकते आहे का, यावर लक्ष असू द्या. सततच्या ओढीने गेलेले केस कधी कधी परत येत नाहीत.


निवृत्त_परिचारिका
१४ एप्रिल, दुपारी ४.३०

बाळा, तुझ्या केसांबद्दल वरच्या दोघांनी नीट सांगितलं आहे. मी आजीबद्दल लिहिते.

नोकरीची अठरा वर्षं मी सोलापूर, मंगळवेढा भागात होते. जट आलेल्या बाया मी जवळून पाहिल्या. सुरुवात साधी असते. बाळंतपणात किंवा आजारपणात महिनाभर वेणीफणी होत नाही, गुंता बसतो. कोणीतरी म्हणतं, देवी आली, यल्लम्माचं बोलावणं आहे. झालं, त्या दिवसापासून फणी बंद. वर हळद, भंडारा, तेल. दोन-तीन किलोची जट मानेवर घेऊन धुणी-भांडी, शेतातली कामं करायच्या. मान कायम आखडलेली. आत उवा, जखमा, आणि धुतलं तर कोप होईल म्हणून कोणी पाणीही घालू द्यायचं नाही. एकीची जट मी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते मिळून सोडवली होती. तीन तास आधी नुसतं तिच्याशी आणि सासूशी बोललो, कात्री दहा मिनिटांची. जट उतरल्यावर तिने मान दोन्हीकडे वळवून पाहिली आणि कितीतरी वेळ तेच करत राहिली.

तुझी आजी तुझ्यावर रागावलेली नाही, तिला आक्का दिसते. तुझे केस तू हौसेने केलेत, हवे तेव्हा काढू शकतेस, हवे तेव्हा धुऊ शकतेस. आक्काला यातलं काहीच नव्हतं. हे तिला शब्दांत सांगू नको, पटणार नाही. तिच्या समोर धू.


बावन्नजटा
२४ मे, संध्याकाळी ६.५०

सहा आठवडे झाले, म्हणून लिहायला आले. चार आठवडे बुधवार-रविवार औषधी शॅम्पू, घड्याळ लावून पाच मिनिटं. आता फक्त रविवारी. पहिल्या दोन धुण्यांत बादलीत जे पाणी उतरलं ते चहाच्या रंगाचं होतं. खाज तिसऱ्या आठवड्यात थांबली. हेल्मेटमध्ये कापडी अस्तर घालते आणि ते रोज धुते. कानामागे अजून किंचित पापुद्रे आहेत, भुवया साफ. एकही लॉक उघडला नाही, उलट मुळं घट्ट झाली आहेत. वॅक्स अजून मानेकडच्या सहा-सात लॉक्समध्ये शिल्लक आहे.

परिचारिका मावशी, तुमचं ऐकलं. पहिल्या दिवशी आजी न्हाणीच्या दारात नुसती उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाजूला माझा हात पोचेना तर म्हणाली, "दे ती बाटली." तेव्हापासून मागच्या तीन ओळी तिच्या. गच्चीवर ती एकेक लॉक पंच्यात दाबते आणि गालाला लावून बघते. परवा एक लॉक हातात धरून म्हणाली, "आक्काची एकदा पावसात भिजली तर आठ दिवस ओलीच होती." एवढंच. मग पुढचा लॉक घेतला.

उद्यापासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, वाळवायची काळजी नाही. पण काकू, जूनमध्ये पाऊस लागल्यावर काय करू? गच्ची बंद होईल आणि घरात सगळं दमट.


कंगवा_कात्री
२४ मे, रात्री ९.२०

छान झालं बेटा. पावसाळ्यात रविवारची सुट्टी सोडून धुऊच नको, आणि सकाळीच धू. पंचे दोनाऐवजी चार ठेव. पंख्याखाली दोन तास, मग हेअर ड्रायर कमी गरमीवर, एक हात लांबून, आधी मुळं आणि मग जाड लॉक्सचा मधला भाग. लॉक्स मोकळे ठेव, जुडा बांधला की आत ओल धरते. कधी पावसात भिजलीस तर घरी येऊन साध्या पाण्याने धू आणि तेवढंच वाळव. आणि कुबट वास आलाच तर लगेच सांग, थांबू नको. वॅक्सवाले सहा-सात लॉक्स घेऊन एखाद्या सोमवारी दुपारी ये, मी बघते. आजीला पण आण.