घराच्या नकाशांसाठी किती रक्कम वेगळी काढावी? (इंदूर, 30×50 फुटांचा प्लॉट)

उंबरठा:
नमस्कार. राजेंद्रनगरच्या बाजूला वडिलांनी घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर खाली आई-वडील आणि वर आम्ही, असे दोन मजल्यांचे घर बांधायचे ठरले आहे. बांधकाम 1,800 चौरस फूट असून ठेकेदाराने फुटाला 1,900 रुपये दर सांगितला, म्हणजे 34,20,000 रुपये झाले. आर्किटेक्टने सर्व नकाशांचे मिळून 1,40,000 मागितले आहेत. 18 टक्के जीएसटी धरला की 1,65,200 होतात. निगमातून (महानगरपालिकेतून) नकाशा मंजूर करून देणारे एक गृहस्थ 15,000 रुपयांत काम होईल म्हणतात, आणि ठेकेदार तर नकाशा फुकटच काढून द्यायला तयार आहे. एवढ्या पैशांत सगळे स्वयंपाकघर उभे राहील, असे वडिलांचे म्हणणे. नेमकी किती रक्कम धरावी?

ओळंबा:
ज्या तीन दरांची आपण तुलना करता आहात, ते एकाच वस्तूचे नाहीत. मंजुरीच्या नकाशात मुख्यतः सोडलेली जागा, एफएआर (प्लॉटच्या मानाने एकूण किती बांधकाम, ते प्रमाण) आणि उंची पाहिली जाते. कॉलममध्ये किती जाडीचे किती गज घालायचे, हे गवंड्याला त्यावरून कळत नाही. ते स्ट्रक्चरल नकाशात असते, आणि इंदुरात त्याच्यावाचून चालत नाही, कारण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया तिच्यातच संपला तर भिंतींना तिरक्या भेगा पडू लागतात. पाया ज्यावर टेकवायचा तो मुरूम किती खोल लागेल, हे शेजाऱ्याच्या खड्ड्यावरून न ठरवता आपल्याच प्लॉटवर माती परीक्षण करून ठरवावे. त्याचा खर्च सहसा फीमध्ये नसतो, तो वेगळा धरावा.

मागितलेली फी बांधकामाच्या साधारण चार टक्के आहे. तीत स्ट्रक्चरल, वीज आणि नळ-सांडपाण्याचे नकाशे, तसेच साइटवरच्या फेऱ्या येत असतील तर मला ती अवाजवी वाटत नाही. नुसता प्लॅन आणि एलिव्हेशन (समोरून घर कसे दिसेल ते चित्र) मिळणार असेल तर जरूर घासाघीस करावी.

पोहेजिलबी:
ठेकेदाराचा फुकट नकाशा आम्ही घेतला होता. जिना कागदावर छान बसला होता, पण त्याचा छेद (उभा कापून दाखवणारा, उंची कळणारा नकाशा) कोणी काढलाच नव्हता. सेंटरिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) उतरल्यावर कळले की वर चढताना बीम नेमका कपाळाशी येतो. बीम तोडता येत नाही, म्हणून जिना तोडून पुढे सरकवला. जागा अपुरी पडल्याने सहा इंचांच्या वीस पायऱ्यांच्या जागी साडेसात इंचांच्या सोळा झाल्या, आणि गुडघ्यांमुळे आईने वर येणेच सोडले. तोडफोडीचे पैसे ठेकेदाराने आमच्याकडूनच घेतले, हे सांगायला नकोच.

उंबरठा:
आमच्याकडेही आईचे गुडघे आहेतच. फी एकदम द्यायची असते का?

ओळंबा:
नाही. आराखडा पक्का झाल्यावर काही, मंजुरीचे कागद तयार झाल्यावर काही, कामाचे नकाशे हाती आल्यावर मोठा हिस्सा, आणि शेवटची रक्कम साइटवरच्या फेऱ्यांना जोडून ठेवावी. फेऱ्या किती, तेही लिहून घ्यावे. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक पाहावा, कारण 1972 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय कोणाला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. निगमाचे शुल्क या फीबाहेरचे असते.

जाता जाता एक: आपला प्लॉट 139.35 चौरस मीटर भरतो आणि पावसाचे पाणी जिरवण्याची सक्ती 140 च्या पुढे लागते, म्हणजे आपण थोडक्यात सुटलात. तरीही गच्चीवरचे पाणी जिरवण्यासाठी खाली आणणारी नळी आताच नकाशात घालून घ्यावी. आपल्याकडे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून पंपाने चढवून आणावे लागते.

उंबरठा:
आभारी आहे. माती परीक्षण आणि निगमाचे शुल्क धरून दोन लाखांच्या वर रक्कम वेगळी काढतो आहे. काल वडिलांच्या देखतच ठेकेदाराकडे जिन्याचा छेद मागितला. तो म्हणाला, "साइटवर बघून घेऊ." वडिलांनी संध्याकाळी आर्किटेक्टचा नंबर मागून घेतला.