‘त्यांना सांगू नका हं’: कॅन्सरचं निदान सांगताना

कॅन्सर वॉर्डात काम करणाऱ्यांनी लिहावं: कुठे स्पष्ट बोलता, कुठे गप्प बसता? उपदेश नको, नेमकं लिहा.

डॉक्टर: रिपोर्ट उघडण्याआधी पेशंटला विचारायचं, “तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, काय झालं असेल?” मग, “सगळं सांगू, की ठळक तेवढं? की मुलाशी बोलू?” पेशंटला वाईट बातमी कशी सांगावी यासाठी २००० साली मांडलेल्या ‘स्पाइक्स’ पद्धतीच्या सहा पायऱ्यांत निदान सांगणं चौथ्या पायरीवर येतं. आपल्याकडे थेट तिथूनच सुरुवात होते आणि तिथंच सगळं फिसकटतं.

‘कॅन्सर’ हा शब्द एकदा तरी उच्चारावा. नुसतं ‘गाठ’ म्हटलं की पुढे “गाठ काढली ना, मग केमो कशाला?” म्हणत पेशंट उपचार अर्धवट सोडतो. शब्द उच्चारला की मात्र थांबायचं. पुढचं वाक्य पेशंटचं. ती शांतता आपल्यालाच सोसत नाही, म्हणून आपण केमोच्या सायकली (फेऱ्या) आणि औषधं सांगत सुटतो. त्यातलं काही त्याच्या डोक्यात शिरत नाही.

सिस्टर: पडदा ओढा, मोबाइल बंद, खुर्ची घेऊन बसा. सोबत एकच नातेवाईक, तोही पेशंटने निवडलेला. “सिस्टर, हे सलाइन कशाचं?” असं विचारलं तर ‘ताकदीचं’ म्हणू नका. “डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?” एवढंच विचारा आणि त्याच ड्यूटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.

समुपदेशक: “बाबांना सांगू नका, खचतील,” म्हणणाऱ्या मुलाशी वाद घालू नये. सांगितलं तर नेमकं काय होईल असं वाटतं, ते त्याच्याकडून काढून घ्यावं. मग ठरवायचं: आपणहून विषय काढणार नाही, पण बाबांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. ऑपरेशन असेल तर हेही सांगावं की तातडीची वेळ नसताना शुद्धीवरच्या सज्ञान पेशंटच्या जागी घरच्यांची सही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा निकाल आहे.

घरातल्या लहानग्यांना तीन गोष्टी पुरतात: आजाराचं नाव, तो लागत नाही, तुझ्यामुळे झाला नाही.

डॉक्टर (पुन्हा): एक राहिलं. “किती दिवस आहेत?” याला आकडा देऊ नका. ‘काही आठवडे’, ‘काही महिने’ असा अंदाज द्या. त्याआधी विचारा, कशासाठी हवंय. बऱ्याचदा मुलीचं लग्न अलीकडे घ्यायचं असतं, नाहीतर सातबाऱ्यावर नावं लावायची असतात.